वेळासला दोघांनीच वीकेंडला जायचंय, कासवं नाही दिसली तर? – सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवीन लग्न झालंय, दोघंही पुण्यात नोकरीला, मार्चमधला एक शनिवार-रविवार मोकळा मिळतोय आणि बायकोला आधी काहीही न सांगता कोकणातल्या, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं बघायला न्यायचंय. तिथे हॉटेल नाही, लोकांच्या घरात राहावं लागतं असं ऐकलंय, मग प्रायव्हसीचं काय, पिल्लं दिसलीच नाहीत तर सगळं फुकट जाईल का, आणि त्यापेक्षा दुसरं एखादं हटके गाव आहे का.

मी दापोली-मंडणगड पट्ट्यात बरीच वर्षं छोट्या ग्रुपच्या आणि जोडप्यांच्या ट्रिपा लावून देते, होमस्टेवाल्या काकूंशी फोनवर बोलणं हे माझं रोजचंच काम आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

पहिलं म्हणजे कासवं दिसतील की नाही हा प्रश्न दिसतो तेवढा मोठा नाहीये. तुमचा वीकेंड अडणार आहे तो दोन गोष्टींवर. पुण्याहून वेळास म्हणजे जाऊन-येऊन बारा तास गाडीत, आणि तुमच्याकडे आहेत जेमतेम दीड दिवस. आणि तुम्हाला एकाच वेळी लांबचं शांत गावही हवंय आणि कासव महोत्सवही (पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गावात भरतो तो) हवाय, पण मार्चमधल्या शनिवारी वेळासमध्ये शांतता नसते. या दोन्हीवर उपाय आहेत, पण ते आधी करावे लागतात, तिथे पोचल्यावर काही करता येत नाही.

आता कासवांचं सांगते, कारण तिथली पद्धत कळली की तारीख कशी निवडायची ते आपोआप कळतं. वेळासला येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवं. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते, पुन्हा त्या अंड्यांकडे बघतही नाही. पूर्वी ही अंडी कुत्रे-कोल्हे खायचे आणि माणसंही काढून न्यायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांना, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, समुद्री गरुडाचा सर्व्हे करताना वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून संरक्षणाचं काम सुरू झालं. आज गावातली कासवमित्र मंडळी रात्री-पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत तशाच खोलीचा खड्डा करून पुरतात, आणि प्रत्येक घरट्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात.

तुमच्या कामाची गोष्ट ती पाटी आहे. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गार असेल तर जास्त दिवस, तापली की कमी, म्हणजे डिसेंबरच्या थंडीतलं घरटं वेळ घेतं आणि फेब्रुवारीतलं लवकर फुटतं. (वाळूच्या तापमानावर पिल्लं नर होणार की मादी हेही ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त.) त्यामुळे "मार्चमध्ये दिसतात ना?" असं कुणाला विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतील. गावात फोन करून विचारायचं ते असं: "आमच्या तारखांच्या आसपास किती घरटी ड्यू आहेत?" पाच-सहा घरटी त्या चार दिवसांत येत असतील तर चान्स चांगला, एखादंच असेल तर तारीख पुढे ढकला. सीझनमध्ये एकूण घरटी किती हे वर्षावर अवलंबून असतं, काही वर्षी भरपूर, काही वर्षी अगदी कमी, म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. तीन-चार आठवडे आधी एकदा फोन, निघायच्या दोन दिवस आधी परत एकदा.

दुसरी गोष्ट वेळेची. घरट्यांवर वेताच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, सकाळी साधारण साडेसहा-सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या उचलून बघतात, पिल्लं वर आलेली असतील तर मोजून पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. पिल्लं मुख्यतः रात्री वाळू गार झाल्यावर वर येतात, त्यामुळे सकाळची वेळ संध्याकाळपेक्षा भरवशाची. आता तुमचा प्लॅन बघा, शनिवारी सकाळी पुण्याहून निघून दुपारी पोचणार, एक संध्याकाळ आणि एक सकाळ, म्हणजे दोन चान्स, त्यातला एक कच्चा. शुक्रवारी हाफ डे टाकून बारा-साडेबाराला निघालात तर अंधार पडताना गावात असाल, मग शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ असे तीन मिळतात आणि त्यात दोन सकाळी. माझ्या मते या एका हाफ डेने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. शुक्रवारी ऑफिस करून रात्री निघणं मात्र नको, ताम्हिणीनंतर रस्ते वळणावळणाचे आणि अंधारे आहेत, दिवसभर काम केलेल्या माणसाने एकट्याने ते चालवू नये.

आणि जमत असेल तर शनिवार पूर्ण सोडूनच द्या. रविवारी दुपारपर्यंत गावात पोचायचं, रविवारची संध्याकाळ, सोमवारची सकाळ-संध्याकाळ, मंगळवारची सकाळ बघून परत. रविवारी जेवणानंतर मुंबई-पुण्याच्या सगळ्या बस निघून जातात आणि गाव रिकामं होतं. दोन दिवस सुट्टी टाकावी लागेल हे खरंय, सगळ्यांना ते जमत नाही, पण नवीन लग्न झालेल्यांनी तरी एकदा करून बघावं, तोच किनारा, तेवढीच पिल्लं, पण पिल्लं सोडताना दोरीमागे दीडशे माणसं असणं आणि पंधरा असणं यात केवढा तरी फरक आहे.

आता घर आणि प्रायव्हसी, कारण खरी काळजी ती आहे हे प्रश्नावरूनच कळतंय. वेळासमध्ये गावातल्या लोकांनीच घरं उघडून दिलीयेत, राहणं-जेवण मिळून माणशी रेट असतो. महोत्सवाच्या शनिवार-रविवारी बऱ्याच घरांत माजघरात किंवा पडवीत ओळीने गाद्या घातलेल्या असतात, काही ठिकाणी बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या, बाथरूम-संडास कॉमन आणि घराच्या मागच्या बाजूला. दहा-बारा मित्रमैत्रिणींचा ग्रुप असेल तर यात मजा असते, जोडप्याला ते अवघड होतं. वेगळी खोली देणारी घरं आहेत पण ती आधी मागावी लागते, आणि मागताना स्पष्ट बोला. "रूम आहे का?" याचं उत्तर "आहे" असंच येणार, कारण माजघर पण रूमच आहे. विचारायचं असं: दोघांनाच वेगळी, दार लागणारी खोली मिळेल का, त्या दिवशी घरात अजून किती पाहुणे आहेत, संडास आत की बाहेर, आणि रात्री लाईट गेली तर काय सोय आहे. काकू अजिबात वाईट वाटून घेत नाहीत, उलट आधी सांगितलं तर त्या नीट सोय करतात. आधारकार्ड दोघांची ठेवा. आणि खोली मिळाली तरी भिंती घराच्याच असतात, शेजारी आजी झोपलेल्या असतात, दहाला घर शांत होतं आणि पहाटे पाचला चुलीपाशी हालचाल सुरू होते. हे ज्याला आवडतं त्याला हे गाव फार आवडतं. ज्याला सुट्टीत नऊपर्यंत झोपायचंय, बाल्कनीत बसून ड्रिंक घ्यायचंय, त्याने इथे येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याचाही वीकेंड बिघडतो आणि त्या घराला पण त्रास होतो.

जेवणाचं विचारलं नाहीत पण सांगते. वेळासच्या बहुतेक होमस्टेमध्ये जेवण शाकाहारी असतं, मासे खायच्या अपेक्षेने जाल तर हिरमोड होईल. पण मार्चमध्ये त्या शाकाहारी ताटात काय असतं ते ऐका, ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. ओले काजूगर वर्षात थोडेच दिवस मिळतात, सोलताना त्यांचा चीक हाताला लागून कातडी जाते, पुण्यात त्याचे भाव काय असतात तुम्हाला माहीत असेलच, आणि इथे ती उसळ वाढताना "अजून घ्या" म्हणतात. मासे हवेच असतील तर येताना-जाताना हरिहरेश्वरच्या बाजूला खाऊन घ्या.

रस्ता. पुण्याहून मुळशी-ताम्हिणी-निजामपूर-माणगाव इथपर्यंत एकच. पुढे दोन पर्याय, एक म्हसळ्यावरून बागमांडल्याला जायचं, तिथून जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) गाडी घालून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास. दुसरा गोरेगाव-आंबेत-म्हाप्रळ-मंडणगड असा पूर्ण जमिनीवरून. जाताना मी जेटीचाच रस्ता सांगते, अंतर वाचतं आणि गाडीतून उतरून वाऱ्यावर उभं राहिलं की अर्धा शीण जातो. पण शेवटच्या फेरीची वेळ त्याच आठवड्यात फोन करून विचारा, आणि रविवारी दुपारी परतताना हरिहरेश्वरच्या गर्दीमुळे तिथे गाड्यांची रांग लागते हे धरून चाला, तेव्हा मंडणगडमार्गे निघणं बरं पडतं. पेट्रोल माणगावला फुल करा, कॅश सोबत ठेवा, नेटवर्क गावात येतं-जातं त्यामुळे यूपीआयवर विसंबू नका आणि होमस्टेचा पत्ता-फोन कागदावर लिहून घ्या.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे शिमगा. कासवांचा सीझन आणि शिमगा एकावर एक येतात. होळीच्या आगेमागे ग्रामदेवतेची पालखी निघते, घरोघरी जाते, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, घरं त्यांच्याच माणसांनी भरलेली असतात. त्या दिवसांत काही घरं पाहुणे घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तो त्यांचा सण आहे. मार्चची तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरमध्ये होळी कधी आहे ते बघा. घर मिळालं आणि पालखी दारात येताना बघायला मिळाली तर नशीब समजा, पण मग तुम्ही त्यांच्या सोयीने चालायचं, चहाला उशीर झाला म्हणून हाक मारायची नाही.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर, ड्यू घरटी विचारून तारीख, होळी टाळून किंवा समजून, शुक्रवार दुपार किंवा रविवार-मंगळवार, आणि दार लागणारी खोली आधी बोलून. एवढं केलंत की तुमच्या हातातलं सगळं झालं.

आता तुमची भीती, पिल्लं नाहीच दिसली तर. होतं असं, सगळं विचारून गेलेल्यांचंही होतं, टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू. त्यासाठी दोन दिवसांत पिल्लांशिवाय काय आहे ते आधीच ठरवून जा. किनारा गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटं आहे, सुरूच्या झाडांतून वाट जाते, आणि सकाळी सात ते नऊ तिथे पक्षी बघायला बसलात तर वेळ कसा जातो कळत नाही, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड नशिबात असेल तर दिसतो, ज्याच्या सर्व्हेमुळे हे सगळं सुरू झालं तोच. बाणकोटचा किल्ला अगदी जवळ आहे, छोटाच आहे, वर गाडीरस्ता जातो, आणि तिथून सावित्री समुद्राला मिळते ते मुख दिसतं. आंग्र्यांकडून घेतल्यावर इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं, १७५६ च्या पेशव्यांबरोबरच्या तहात बाणकोट त्यांच्याकडे पक्कं झालं. संध्याकाळी पाचला जा, दोघंच असाल बहुतेक. आणि वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, त्यांचं स्मारक गावात आहे, तुम्ही पुण्याचे म्हणजे शनिवारवाडा आणि बेलबाग रोज बघणारे, तर या आडगावातलं नानांचं भानू घराणं तिथे कसं पोचलं असेल याचा विचार करत गावातून एक फेरी मारायला मला तरी फार आवडतं.

समुद्रात पोहायचं असेल तर जपून. इथे लाइफगार्ड नाही. भरती-ओहोटी कळायला कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास भरती आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. हा अंदाज आहे, नक्की वेळ गावात विचारा, पण पाणी ओसरत असताना कमरेच्या वर जायचं नाही हे पक्कं. हरिहरेश्वरला प्रदक्षिणा करणार असाल तर तो खडकातला रस्ता फक्त ओहोटीत करायचा, तिथे लाटेने माणसं ओढली गेलीयेत.

पिल्लं सोडताना कसं वागायचं तेही आताच सांगते, कारण तिथे गर्दीत कुणी नीट ऐकत नाही. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, मोबाइलचा टॉर्च बंद, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि दिशा चुकतात. हातात घ्यायची नाहीत आणि "अडकलंय बिचारं, जरा उचलून ठेवू" असं तर अजिबात नाही, ते वाळूवरून स्वतः चालणं त्यांच्यासाठी गरजेचं असतं, त्याच वाळूची खूणगाठ बांधून माद्या मोठ्या झाल्यावर याच पट्ट्यात अंडी घालायला येतात असं अभ्यासक मानतात. रात्री अंडी घालणारी मादी शोधायला टॉर्च घेऊन फिरू नका, माणसं दिसली की ती अंडी न घालता माघारी जाते. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला होता, पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली, म्हणून नाव प्रथमा. ती इथून निघून समुद्रात कुठे कुठे फिरतेय ते लोक नकाशावर बघत होते. कासवमित्रांपैकी कुणी निवांत असेल तर त्यांना हे सगळं विचारा, त्यांना सांगायला आवडतं, आणि माझ्या अनुभवात लोक पिल्लांइतकंच हे बोलणं लक्षात ठेवतात.

दुसरं गाव म्हणाल तर तुम्हाला नेमकं काय हवंय त्यावर आहे. कासवंच हवीत पण अटॅच्ड बाथरूमवाली वेगळी खोली हवी, तर दापोलीजवळचं आंजर्ले बघा, तिथेही कासवांचं काम चालतं, राहायच्या सोयी जास्त आहेत, कड्यावरचा गणपती आहे, आणि मासेही मिळतात. कासवांचा हट्ट नसेल तर अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी, पण तिथलं खरं आकर्षण काजवे, म्हणजे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागायच्या आत. पाहुणे तिथेही गावातल्या घरांतच जेवतात. आणि लांबचा प्रवास झेपणार नसेल, एक रात्रच आहे, तर पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घरोघरी वेगवेगळ्या विषयांची पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. ते आडगाव नाहीये, पण दोघांनाही वाचनाची आवड असेल तर दीड दिवसात ते जास्त चांगलं बसतं. मार्च, दोन रात्री, आणि थोडी गैरसोय चालणार असेल तर मी वेळासच म्हणेन.

राहता राहिलं सरप्राइज. ते करू नका. सरप्राइज मला आवडत नाही असं नाही, पण मागच्या अंगणातला संडास, पहाटे सहाला उठणं, कॉमन माजघर, नेटवर्क नाही, शाकाहारी जेवण, हे सगळं शनिवारी दुपारी अचानक कळलं तर सगळ्यात जास्त अडचण तुमच्या बायकोचीच होणार. मासिक पाळीच्या तारखा, बाथरूमची सोय, कपडे काय घ्यायचे, घरातल्या मोठ्या माणसांसमोर काय घालून वावरायचं, हे बाईला आधी कळायला हवं. होमस्टेच्या काकूंशी त्यांनाच बोलू द्या, बायका बायकांशी जे दोन मिनिटांत विचारून घेतात ते तुम्ही-आम्ही लिहून विचारत नाही. शिवाय ड्यू घरट्यांचा फोन दोघांनी मिळून केला, कुठली तारीख धरायची यावर दोघांनी डोकं लावलं, तर वाट बघण्यातला आनंदही दोघांना मिळतो. अगदी लपवायचंच असेल तर प्रथमाची गोष्ट लपवून ठेवा आणि किनाऱ्यावर सांगा.

तारखा ठरल्या की इथेच लिहा, होळी आणि तिथी बघून भरतीचा अंदाज मी सांगते. आणि गाडी तुमची हॅचबॅक असेल तर तेही लिहा, जेटीवर चढा-उतरायला काही प्रॉब्लेम येत नाही पण ओहोटीला उतार जरा जास्त असतो, तिथे गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा.